उद्यांची रुचि

भविष्य जाणण्याची हौस मनुष्याला केव्हांपासून लागली हें सांगणें कठीण आहे. परंतु आपल्या देशांत ती हौस कधीं निंद्य मानली गेली नाहीं, हें निश्चित. गुढीपाडव्याला पंचांगांतील वर्षफल ऐकण्याचा प्रघात घराघरांतून चालत आला आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील भेंडवळ येथें अक्षय्यतृतीयेला शेतांत घटाची व धान्याची मांडणी करून दुसऱ्या दिवशीं पहाटे पाऊसपाण्याचें भाकीत वर्तविण्याची चाल आजहि आहे, आणि तें ऐकण्यास आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकरी जमतात. अशा भाकितांच्या खरेखोटेपणाविषयीं वाद होऊं शकेल. त्यांच्या विषयाविषयीं वाद होऊं शकत नाहीं. पाऊस किती पडेल, ज्वारी कितपत पिकेल, हे प्रश्न ज्याच्या पोटाशीं निगडित आहेत त्यानेंच ते विचारलेले असतात.

अलीकडे मात्र एका निराळ्या जातीचा भविष्यवेत्ता उदयास आला आहे. तो पाऊस सांगत नाहीं, आवड सांगतो. येत्या वर्षीं लोक कोणत्या रंगाचें कापड नेसतील, कोणत्या चालीचें गाणें गुणगुणतील, कोणत्या विषयाच्या पदवीमागें धांवतील, हें तो आगाऊ सांगतो आणि सांगण्याचें मोलहि घेतो. या मंडळींतील एक शाखा लहान प्रमाणावर, कारागिरीच्या अभिमानानें बिअर बनविणारांच्या धंद्याशीं संलग्न आहे. वर्ष संपत आलें कीं पुढील वर्षीं आंबट बिअर चालेल कीं कडवट, गढूळ चालेल कीं नितळ, फळांची चालेल कीं निव्वळ धान्याची, याचे अंदाज बाहेर पडतात, आणि मोठमोठे व्यवहार त्यांवर अवलंबून राहतात.

कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत मद्याच्या रुचीची चर्चा कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर दुहेरी आहे. एक तर हा विषय आमच्या छत्रपती संभाजीनगर शहराला परका नाहीं. शहर औरंगाबाद या नांवानें ओळखलें जात होतें तेव्हांपासून वाळूज व परिसरांतील औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठमोठे कारखाने उभे आहेत, आणि महाराष्ट्रांत तयार होणाऱ्या बिअरचा मोठा भाग पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावर तयार होतो. दुसरें असें कीं, बिअर हें येथें केवळ उदाहरण आहे. पिणें योग्य कीं अयोग्य हा प्रश्न जुना आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानें दारूबंदीचें ध्येय राज्यापुढें ठेविलें आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा नांव बदलून आजहि अमलांत आहे. आणि त्याच राज्याच्या तिजोरींत मद्यावरील कराचा ओघ अखंड वाहत आहे. या विसंगतीची चर्चा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. प्रस्तुत प्रश्न एवढाच कीं, दुसऱ्याच्या उद्यांच्या आवडीचें भाकीत करतां येतें काय. आणि येत असलें तरी तें करणें कितपत योग्य आहे?

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. बिअर चार पदार्थांची बनते: मोड आणून वाळविलेले जव, हॉप्स नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें, यीस्ट आणि पाणी. बव्हेरियांत १५१६ सालीं निघालेल्या फर्मानांत जव, हॉप्स व पाणी यांखेरीज बिअरमध्यें कांहीं घालूं नये असा निर्बंध होता. यीस्टचें नांव त्यांत नाहीं, कारण त्याचें कार्य काय हें त्या काळीं कोणास उमगलें नव्हतें. एवढ्या तुटपुंज्या सामग्रींतून शेंकडों प्रकार निघाले. हें वैचित्र्य केवळ पश्चिमेचेंच आहे असें मात्र कोणी समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक प्रकरणच आहे, आणि त्यांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे प्रकार त्यांच्या सामग्रीसह दिले आहेत. रुचि ही एक नसते, अनेक असतात, हें आपल्या पूर्वजांस सांगावें लागत नव्हतें.

आतां या पेयाच्या इतिहासांत रुचीचीं स्थित्यंतरें कशीं झालीं तें पाहूं. १८३८ सालीं बोहेमियांतील पिल्सेन गांवच्या लोकांनीं आपल्याच गांवची नासकी बिअर चौकांत ओतून दिली. पुढें त्यांनीं नवा कारखाना उभारला, आणि तेथें १८४२ सालीं योसेफ ग्रोल नांवाच्या बव्हेरियन कारागिरानें फिकट सोनेरी व नितळ अशी बिअर तयार केली. तिची नक्कल जगभर इतकी झाली कीं, आज वाळूजच्या कारखान्यांतून बाहेर पडणारी बाटलीहि बहुधा वंशावळीनें त्या पिल्सेनची नातच ठरेल. हें स्थित्यंतर कोणा भविष्यवेत्त्याच्या टिपणावरून घडलें नाहीं. वाईट मालाच्या संतापांतून घडलें.

या सोनेरी बिअरचें साम्राज्य पसरल्यावर जुन्या जाती एकामागून एक नाहींशा झाल्या. बेल्जममधील हुगार्डन गांवीं गव्हाची, धने व नारिंगाची साल घातलेली एक पांढुरकी, गढूळ बिअर होत असे. विसाव्या शतकाच्या मध्यास तिचा तेथील अखेरचा कारखाना बंद पडला. त्या वेळीं कोणाहि सुज्ञास विचारलें असतें, तर ही जात मेली, असेंच त्यानें सांगितलें असतें. परंतु पुढील दशकांत पिएर सेलिस या दूधवाल्यानें, लहानपणीं पाहिलेल्या त्या कामाच्या आठवणीवर विसंबून, ती पुन्हां बनविण्यास आरंभ केला. आज आपल्या शहरांतून धने आणि संत्र्याच्या सालीच्या वासाची जी गव्हाची बिअर तरुण मंडळी नवीन म्हणून पितात, आणि २०१५ सालीं निघालेल्या ‘बिरा ९१’ या मालाच्या यशांत जिचा वाटा मोठा होता, ती त्या मेलेल्या मानलेल्या जातीचीच आहे. दूधवाल्यानें जगाच्या आवडीचा अंदाज बांधला नव्हता. त्याला ती बिअर चांगली वाटत होती आणि ती नाहींशी झाल्याचें वाईट वाटत होतें; एवढेंच त्याचें भांडवल.

आणखी एक उदाहरण घ्या. हिंदुस्थानांतील इंग्रजांसाठीं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जी कडवट बिअर जहाजांतून येत असे, तिच्याशीं ‘इंडिया पेल एल’ हें नांव पुढें जोडलें गेलें. अमेरिकेंतील लहान कारागिरांनीं या प्रकाराचें पुनरुज्जीवन केलें, तेव्हां नितळपणा हा गुण व गढूळपणा हा दोष असें सर्वमान्य होतें. परंतु व्हरमाँट या लहानशा संस्थानांत न गाळलेली, गढूळ बिअर लोकांस आवडूं लागली, आणि २०१८ सालीं अमेरिकेंतील बिअरकारांच्या संघानें त्या दोषाला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथें ‘ब्रूट’ नांवाचा अगदीं उलट, कोरडा व लखलखीत प्रकार निघाला. पुढचा काळ याचाच, असें पुष्कळांनीं ठासून सांगितलें, आणि अनेक कारखान्यांनीं घाईनें तो बाजारांत आणला. थोड्याच वर्षांत त्याचें नांवहि मागें पडलें. ज्याला दोष म्हटलें तें टिकलें. ज्याला भविष्य म्हटलें तें भूत झालें.

इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत दोन प्रसिद्ध कापडें होतीं: शहरांत हिमरू आणि पैठणास पैठणी. सूत व रेशीम यांच्या मिलाफानें किनखापाची शोभा आणणारें हिमरू निजामाच्या राज्यांत शेरवान्यांसाठीं प्रतिष्ठेचें मानलें जाई. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हां हे विणकर आले अशी परंपरागत समजूत आहे. १९४८ मध्यें तें राज्य संपलें, दरबारी पोशाख गेला, यंत्रमाग आले, आणि आज हिमरूचे हातमाग बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत. पैठणीहि मध्यंतरीं याच वाटेनें जाऊं लागली होती. परंतु आज तिच्यावांचून मराठी लग्नाचा बस्ता अपुरा वाटतो, आणि येवल्यास तर तिच्यावर गांवच्या गांव जगतें. दोन्हीं कापडें जुनीं, दोन्हीं महाग, दोन्हीं हातमागाचीं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं कोणीं सांगितलें असतें कीं, यांपैकीं एक घरोघर जाईल आणि दुसरें प्रवाशांना दाखविण्यापुरतें उरेल? आतां अर्थातच कारणें सांगतां येतात. लग्नांत साडीचें स्थान टिकलें, शेरवानीचें दरबारी स्थान गेलें, हें खरेंच आहे. परंतु मागाहून कारण सांपडणें आणि आधीं परिणाम सांगतां येणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

येथें कोणी म्हणेल कीं, व्यापारी लोकांचे अंदाज रोज बरोबर येत असतात. नाहीं तर व्यापार चालला नसता. उन्हाळ्यांत थंड पेयांचा खप वाढणार, दिवाळींत मिठाई खपणार, हें कोण नाकारतो? तें नाकारण्याचें कारणच नाहीं. परंतु ही भविष्यवाणी आवडीची नसून सवयीची आहे. सवय ही नदीसारखी असते. तिचें पात्र ठरलेलें असल्यामुळें पाणी कोठून जाईल हें सांगतां येतें. नवी आवड म्हणजे नदीनें पात्र बदलणें. सवयीचें गणित मांडणाऱ्यास नव्या आवडीचेंहि गणित साधेल, असें मानणें ही या सर्व व्यवहारांतील पहिली गफलत होय.

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. तिची परीक्षाहि झाली आहे. २००६ सालीं अमेरिकेंतील सॅल्गानिक, डॉड्स व वॉट्स या तीन संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक लोकांना ४८ अपरिचित गाणीं ऐकण्यास दिलीं. कांहींना इतरांच्या पसंतीची कांहींच माहिती दिली नाहीं; बाकीच्यांचे आठ वेगवेगळे समूह केले आणि आपल्या समूहांतील इतरांनीं कोणतें गाणें किती वेळां घेतलें हें त्यांना दाखविलें. गाणीं तींच, आरंभ सर्वांचा सारखाच. तरी प्रत्येक समूहांत निराळीं गाणीं वर आलीं. अति उत्तम गाणें क्वचितच तळाला गेलें, अति वाईट गाणें क्वचितच शिखरावर गेलें; परंतु मधल्या गाण्यांचें कोठें काय होईल याला कांहीं धरबंध राहिला नाहीं. म्हणजे माणसें एकमेकांकडे पाहून निवड करूं लागलीं कीं, यशांत गुणाबरोबर योगायोगाचा अंश शिरतो, आणि योगायोगाला पंचांग नसतें.

अर्थशास्त्रज्ञ केन्स यानें १९३६ सालीं याच गोष्टीचें एक मार्मिक चित्र काढलें होतें. एका वर्तमानपत्रानें शंभर चेहऱ्यांचीं छायाचित्रें छापून त्यांतील सहा सर्वांत सुंदर चेहरे निवडण्याची स्पर्धा लाविली आहे. बक्षीस मात्र ज्याची निवड बहुसंख्यांच्या निवडीशीं जुळेल त्याला. अशा स्पर्धेंत शहाणा मनुष्य आपल्याला कोण सुंदर दिसतो हें पाहतच नाहीं. इतरांना कोण सुंदर वाटेल, किंबहुना इतरांच्या मतें इतरांना कोण सुंदर वाटेल, याचाच तो विचार करीत बसतो. शेवटीं सर्व लोक सर्व लोकांकडे पाहत राहतात, आणि चेहऱ्याकडे पाहणारा एकहि उरत नाहीं. रुचीचें भाकीत हा ज्या समाजाचा मुख्य उद्योग होतो, त्याची स्थिति यापेक्षां फारशी वेगळी नसते.

याहून खोल असा एक आक्षेप कार्ल पॉपर या तत्त्वज्ञानें १९५७ च्या आपल्या ग्रंथांत मांडला आहे. उद्यां आपल्याला जें ज्ञान होणार आहे तें आज सांगतां येत असेल, तर तें उद्यांचें ज्ञान नव्हेच. तें आजच झालें. नव्या चवीलाहि हेंच लागू पडतें. उद्यांची बिअर कशी असेल हें ज्याला खरोखर नेमकें ठाऊक आहे त्यानें ती मनांत बनविलीच. तो ज्योतिषी नव्हे, कारागीर झाला. त्यांतच आणखी एक गुंतागुंत आहे. ग्रहण आपलें भाकीत ऐकत नाहीं, म्हणून तें भाकिताप्रमाणें लागतें. माणसें मात्र ऐकतात. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानें १९४८ सालीं दाखविलें कीं, एखादी धडधाकट बँक बुडणार अशी आवई उठली, तर लोक पैसे काढण्यास धांवतात आणि बँक खरोखरच बुडते. आंबट बिअर चालणार, असें पुरेशा अधिकारानें सांगितलें कीं दुकानदार तीच मांडतो, ग्राहकाला तीच दिसते, तो तीच घेतो, आणि ज्योतिषी म्हणतो, ‘पहा, मी सांगितलेंच होतें!’ हें भाकीत नव्हे. ही आज्ञा आहे, आणि ती आज्ञा आहे हें लपविलेलें आहे.

येथें आपण नीतीच्या प्रांतांत प्रवेश करतों. ‘हें मला चांगलें वाटतें’ आणि ‘हें तुम्हांला आवडणार आहे’ हीं दोन वाक्यें वरवर शेजारचीं दिसतात. पण त्यांमध्यें मोठें अंतर आहे. पहिलें वाक्य बोलणारा आपली मान पुढें करतो. त्याचें मत चुकलें तर तो चुकला; कां चांगलें, असें विचारलें तर त्यास उत्तर द्यावें लागतें; ऐकणाराला ‘मला नाहीं वाटत’ असें म्हणण्याचा अधिकार राहतो. दुसरें वाक्य बोलणारा स्वतः कशाचीच जबाबदारी घेत नाहीं. वस्तु चांगली आहे असें तो म्हणतच नाहीं. लोक तिच्याकडे जाणार आहेत, एवढीच बातमी तो देतो. आणि ऐकणारा? त्याच्याशीं संवाद झालेलाच नसतो; ढगाची दिशा पाहावी तशी त्याची दिशा पाहिलेली असते. मनुष्याला हवामान समजणें हा त्याचा सूक्ष्म अपमान आहे, आणि तो गोड शब्दांत होत असल्यामुळें अधिक घातक आहे. कारण पुढें पुढें अपमानित मनुष्यच विचारूं लागतो, ‘यंदा मला काय आवडणार आहे?’

या प्रकारांत एक विपर्यासहि आहे. लहान कारागिरांची ही चळवळ मुळांत एकसुरीपणाविरुद्धचें बंड होती. १९७१ सालीं चार इंग्रज गृहस्थांनीं जुन्या पद्धतीच्या बिअरच्या रक्षणार्थ जी मोहीम सुरू केली, तिचें म्हणणें एवढेंच होतें कीं, मोठ्या कारखान्यांनीं आमची चव ठरवूं नये. पन्नास वर्षांत त्याच चळवळीचे वारस पुढच्या लाटेची वाट पाहत किनाऱ्यावर बसूं लागले. धनी बदलला; दास्य राहिलें.

पण बिअरला हंसण्यापूर्वीं आपण आपल्या घराकडे पाहावें हें बरें. मुलगा दहावी-बारावी झाला कीं आपण त्याला काय विचारतों? तुला कोणता विषय समजतो, कशांत तूं रमतोस, हें क्वचित्. ‘पुढें कशाला मागणी येणार’ हें बहुधा. दर पांच-सहा वर्षांनीं या मागणीचें नांव बदलतें आणि एका नांवामागें धांवलेली पिढी दुसऱ्या नांवाच्या दारांत तिष्ठत उभी राहते. प्रकाशक लेखकाला विचारतो, सध्यां काय खपतें. संपादक विचारतो, वाचकांना काय हवें आहे. आणि वाचक विचारतो, सध्यां लोक काय वाचतात. केन्सच्या स्पर्धेंतील चेहरे हेच. आपल्या साहित्यशास्त्रानें ‘सहृदय’ नांवाचा जो रसिक कल्पिला आहे, त्याचा अधिकार अभ्यासानें विशद झालेल्या स्वतःच्या मनावर उभा आहे, मतमोजणीवर नव्हे. चव घेणें हें ज्याचें त्यानेंच करावयाचें काम आहे. जेवण जसें दुसऱ्यानें जेवून आपलें पोट भरत नाहीं, तसेंच हें.

तथापि धंद्यांत असलेल्या मनुष्याची बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. तो म्हणेल, ‘तुमचें तत्त्वज्ञान ठीक आहे, पण मला जव आज विकत घ्यावे लागतात, आणि बिअर विकली जाते कांहीं आठवड्यांनीं. अंदाज केल्यावांचून मी कसा राहूं?’ हें म्हणणें अगदीं रास्त आहे. उत्तर असें कीं, त्यानें अंदाज जरूर करावा. पण भाकीत करूं नये, प्रयोग करावा. पुण्यास २००९ सालीं ‘डूलाली’ हें लहान बिअरगृह निघालें, तेव्हां अशा पेयाची सवय लोकांना नव्हतीच. सवयीचें गणित मांडलें असतें तर तें निघालेंच नसतें. पुढें त्याच शहरांत कोकम व मीठ घातलेली बिअरहि निघाली. एक लहान घाण काढून ती ग्राहकापुढें ठेवणें, ‘आम्हांला ही बरी वाटली, आपण पाहा’ असें म्हणणें, आणि त्याचा नकारहि शांतपणें ऐकणें, यांत अंदाज आहे, धोका आहे, नफाहि आहे. पण समोरच्याचा अपमान नाहीं. चूक झाली तर ती एका घाणीपुरती आणि स्वतःपुरती राहते.

आतां या प्रश्नाच्या अशा अंगाकडे वळूं कीं, जें मराठवाड्यांत राहणाऱ्यास विसरतां येणार नाहीं. कारखान्यांत एक लिटर बिअर तयार होण्यास साधारणपणें तीन ते सहा लिटर पाणी लागतें. २०१४ व २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे फसल्यावर १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पांच लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास पोंचली. त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठानें मराठवाड्यांतील मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचें पाणी प्रथम शेंकडा ५० आणि १० मेपासून शेंकडा ६० कमी करण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांचेंहि पाणी कांहीं प्रमाणांत कापण्यांत आलें. दुष्काळाचा दोष एकट्या बिअरच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. उसाला लागणाऱ्या पाण्यापुढें तिचें पाणी थोडें आहे, आणि त्या कारखान्यांवर हजारों कुटुंबें पोसलीं जातात. परंतु एक गोष्ट त्या उन्हाळ्यानें उघडी केली. लोकांना पुढें काय आवडेल हें कोणालाहि सांगतां येत नव्हतें, तरी तें सांगण्यासाठीं पैसा व बुद्धि मुबलक होती. लोकांना पुढें तहान लागेल हें मात्र कोणालाहि सांगतां येत होतें. आणि त्याच्या तरतुदीसाठीं न्यायालयाचें दार ठोठवावें लागलें.

असें कां व्हावें? कारण आवडीचें भाकीत नफा देतें आणि गरजेचें भाकीत कर्तव्य मागतें. पहिलें ऐकण्यास गोड लागतें. दुसरें ऐकलें कीं कांहीं करावें लागतें. आवडीच्या कोष्टकांत पिणाराचा रकाना असतो; त्याच्या घरीं वाट पाहणाऱ्या बायकामुलांचा नसतो, आणि धरणाखालीं हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईचाहि नसतो. म्हणून भाकीत आणि दूरदृष्टि हे शब्द आपण एका अर्थानें वापरूं नयेत. भाकीत विचारतें, ‘लोक काय मागतील?’ दूरदृष्टि विचारते, ‘लोकांना काय लागेल, आणि तें मीं आज काय केलें असतां मिळेल?’

दूरदृष्टीचें उदाहरण शोधण्यास आम्हांस शहराबाहेर जावें लागत नाहीं. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी गांवीं हें शहर वसविलें आणि डोंगरांतील झऱ्यांचें पाणी जमिनीखालच्या नहरींतून घराघरांपर्यंत आणलें. पुढच्या शतकांत लोक शेरवानी घालतील कीं सदरा, शरबत पितील कीं आणखी कांहीं, याचा त्यानें अंदाज केला असेल असें दिसत नाहीं. त्याला एवढेंच कळत होतें कीं, ते जे कोणी असतील त्यांना पाणी लागेल. त्यानें आपल्या नंतरच्यांची आवड त्यांची त्यांच्याकडे ठेविली आणि गरज आपल्याकडे घेतली. शहराचें नांव त्यानंतर अनेकदां बदललें, राज्यें बदललीं, पोशाख बदलले. त्या नहरींतून मात्र शतकानुशतकें पाणी वाहत राहिलें.

तर मग पुढें कोणती बिअर चालेल, असें कोणी आम्हांसच विचारलें तर? भाकीत सांगण्यास आम्ही असमर्थ आहों. मत मात्र देतों. नायजेरियानें १९८८ सालीं जवाच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हां तेथील कारखाने देशी ज्वारीकडे वळले आणि तेथील लोकांनीं ती बिअर स्वीकारली. आमचा मराठवाडा हा ज्वारीचा मुलूख आहे. कमी पाण्यावर येणारें तें धान्य, आणि २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं अशा भरड धान्यांचें म्हणून पाळलें. कोणास हें पेय करावयाचेंच असेल, तर त्यानें आपल्या मातीच्या धान्याचें, आपल्या पाण्याचा हिशेब राखून करावें, हें आम्हांस बरें वाटतें. तें लोकांना आवडेल कीं नाहीं? तें लोकांनीं चाखून सांगावें. आमचें म्हणणें चुकीचें असेल, तर तें चुकीचें कां आहे हें कोणासहि आम्हांस विचारतां येईल; आणि विचारतां येणें हाच मताचा भाकिताहून असलेला मोठेपणा आहे.

सारांश, मनुष्याच्या आवडीला त्याच्या हातीं राहूं द्यावें आणि त्याच्या गरजेची काळजी आपण वहावी, हा शहाणपणाचा क्रम आहे. आज आपण बहुतेक ठिकाणीं तो उलटा चालवीत आहों: आवड दुसऱ्यानें ठरवावी आणि गरज ज्यानें त्यानें भागवावी. ज्या घरांत, ज्या धंद्यांत, ज्या शहरांत हा क्रम सुलट होईल, तेथें उद्यांची रुचि कशी असेल हें आज सांगतां येणार नाहीं. आणि तसें तें सांगतां न येणें, हेंच तेथील लोक स्वतंत्र असल्याचें लक्षण होईल.